स्ट्रॅटेजी गेम संपलेले नाहीत

महोदय,

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमचे, म्हणजे पाळीची वाट न पाहता वसाहत उभारून, सैन्य जमवून लढायच्या संगणकी खेळांचे दिवस भरले, अशी ओरड चाहतेच करतात. मला ती पटत नाही. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आजही खेळला जातो. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. अडचण वेगळीच आहे. गावकऱ्यांना लाकूडतोडीला लावा, मेंढ्या शोधा, घरं बांधा, तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार दारात! नवख्याची तारांबळ उडते आणि तो पुन्हा फिरकत नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ या अशाच गेमसाठी चाहत्यांनी बनवलेल्या नकाशातून आलेल्या ‘डोटा’ या खेळाने वसाहतीऐवजी हाती एकच नायक दिला, गर्दी तिकडे वळली. म्हणून वसाहत उभारणंच काढून टाका, हा काहींचा (माझ्या मुलाचाही) आग्रह मला मान्य नाही. मग उरतं काय? त्यापेक्षा कंपन्यांनी एकट्याने खेळायच्या मोहिमांवर मेहनत घ्यावी. मी तरी तिथेच शिकलो.

– एक जुना खेळाडू