मावशी, त्या झाकणातल्या कुटक्यांसाठी

प्रिय मावशी,

तुमची नात चौथीत गेली आणि आता मोबाईलवर भराभरा वाचते, हे तुम्हीच मला कौतुकानं सांगितलं होतंत. म्हणून हे पत्र तिच्याकडून वाचून घ्या. मध्येच "बास कर गं" म्हणून तिला थांबवू नका. समोरासमोर सांगावं म्हणून, सकाळी आमचा कचरा घेऊन तुम्ही निघालात की, मी तीन वेळा तुमच्या मागोमाग जिना उतरले होते. तिन्ही वेळा घसा दाटून आला आणि काही न बोलता वर आले.

गेल्या श्रावणात यांच्या कंपनीनं पगार थांबवला. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "पुढच्या महिन्यात", असं करत पाच महिने गेले. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. शिल्लक होती ती पहिल्या दोन महिन्यांत मुलांच्या फीमध्ये आणि घराच्या हप्त्यात गेली. सासूबाई सारख्या म्हणायच्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकायला निघाले ती कुठून? तर पोळ्यांच्या डब्यापासून.

मी रोज चौदा पोळ्या करायचे. पगार होता तेव्हाही चौदा आणि पगार थांबल्यावरही चौदाच. डबा हलका दिसला तर मुलांना कळेल, सासूबाई एक पोळी कमी खातील, अशी भीती वाटायची. दूध कमी केलं, फळं बंद केली, बिस्किटांचे पुडे बंद केले, पण डबा भरलेला ठेवला. रात्री त्यातल्या चार-पाच पोळ्या उरायच्या आणि कुकरच्या भांड्यात वाटीभर भात. सकाळी कुणी उठायच्या आत मी ते सगळं ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाशी घालायचे आणि वर फ्लॉवरचा पाला, दुध्याची सालं पसरून ठेवायचे. महिनाअखेर उसनवारी करणारी बाई रोज सकाळी अन्न लपवून टाकत होती.

ते तुम्हाला दिसत होतं. घराचा पगार थांबल्याचं आमच्या मजल्यावर कुणाला कळलं नव्हतं, पण तुम्हाला बादलीनं सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही बादली ओतायच्या आधी थांबलात आणि हळू आवाजात, जिन्यात ऐकू जाणार नाही इतकं हळू, म्हणालात, "ताई, पंधरा दिस झालं बघते. दुधाच्या पिशव्या तीनाच्या एक झाल्या. पुड्यांचे कागद न्हाईत. सुका निम्म्यावर आलाय अन् ओला हाय तेवढाच. घरात बरं हाय ना सगळं?"

मला रडू फुटलं. माझ्या सख्ख्या बहिणीनंही तोवर असं विचारलं नव्हतं.

तुम्ही "रडू नका" म्हणाला नाहीत. बादली बाजूला ठेवलीत, हातमोजे काढलेत, बाटलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतलेत आणि आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसलात. पिशवीतनं तुमचा डबा काढलात. आदल्या दिवशीच्या ज्वारीच्या भाकरीचे कुटके होते त्यात. बारीक मोडलेली भाकरी, कांदा, हळद, लाल तिखट, शेंगदाण्याचं कूट आणि मोहरीची तडतडलेली फोडणी. डब्याच्या झाकणात तुम्ही त्यातले बरोबर अर्धे काढलेत, झाकण माझ्यासमोर सरकवलंत आणि म्हणालात, "खा. ताज्या भाकरीला ही चव यायची न्हाई."

आता पुढचं लिहिताना हात अडखळतोय, पण लिहिते. तुम्ही आठ वर्षं आमच्या दारात येत होतात. तुमच्या चहासाठी आमच्या दारामागच्या फळीवर स्टीलचा एक कप वेगळा ठेवलेला असायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून ही रीत बघितली होती आणि एकदाही मनात आलं नाही की हा वेगळा का. त्या बाईला तुम्ही स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलंत, तेही पहाटे साडेपाचला घरातून निघून, अजून चार इमारती व्हायच्या बाकी असताना. मी पायरीवर तुमच्या शेजारी बसून खाल्लं. कडेचे कुटके कुरकुरीत होते, मधले तेलापाण्यात मुरून मऊ झालेले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

मावशी, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्य त्या झाकणासाठी. बाकी सगळं त्यातूनच निघालं.

त्याच सुमारास आम्हाला सल्ला देणारे खूप भेटले, त्यांच्याबद्दलही दोन शब्द लिहिते. घरखर्चाच्या नियोजनाचं एक शिबिर होतं. बाराशे रुपये भरून आम्ही दोघं गेलो. तिथं सांगितलं की हॉटेलचं जेवण महिन्यातून दोनदाच ठेवा आणि सुट्टीचा प्रवास सहा महिने आधी ठरवा. आम्ही हॉटेलची पायरी चार महिने चढलो नव्हतो. त्या बाराशे रुपयांत आमचा महिन्याचा तांदूळ आला असता. नात्यातल्या एक बाई घरी आल्या होत्या. मी फोडणीची पोळी पुढं केली, तर नाक मुरडून म्हणाल्या, "आमच्याकडे कालचं कुणी तोंडात घालत नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यांच्याच घरी सणाच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जास्त छान लागते म्हणून बाजूला काढून ठेवतात. सणाचं उरलं तर मुरलेलं आणि रोजचं उरलं तर शिळं. ज्यांच्याकडे दहा हजार उसने मागायला गेलो होतो, त्यांनी दिले नाहीत ते एकवेळ समजू शकते, पण आम्ही मागितल्याचं चार घरी सांगितलं. ते अजून सलतं.

तुम्हाला मात्र सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही कुठे ब्र काढला नाहीत. वरच्या मजल्यावर कोण आजारी, कुणाकडे रोज बाटल्या निघतात, कुणाचं कार्टं काय लपवतं, हे सगळं तुमच्या हाताखालून जातं. आठ वर्षांत एका घराची गोष्ट तुम्ही दुसऱ्या घरी नेली नाहीत. माझ्याकडे तुमचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, तेही तुम्ही कधी दारातून मोठ्यानं मागितले नाहीत. शिकलेल्या माणसांत हा चांगुलपणा मी फार कमी पाहिला. दुसऱ्याची अडचण आपल्या हातात आली की ती झाकून ठेवावी, एवढंही पुष्कळांना जमत नाही. मदत करतील, पण चारचौघांत सांगून. तुम्ही पाय न वाजवता केलीत.

पुढच्या तीन महिन्यांत बादली उचलताना तुम्ही जे एकेक वाक्य टाकत गेलात, त्यावर माझं स्वयंपाकघर उभं आहे. "दोडक्याच्या शिरा कशाला टाकता, तीळ-खोबऱ्याबरोबर भाजून चटणी करा." केली. मुलानं दोडक्याच्या भाजीला कधी हात लावला नाही, ती चटणी मात्र संपवली. फ्लॉवरचा जाड दांडा सोलून बारीक चिरला की बटाट्यासारखाच शिजतो. कोथिंबिरीच्या काड्या मिरचीबरोबर वाटणात जातात. उरलेलं वरण कणकेत घातलं, त्यात ओवा, तीळ आणि तिखट टाकलं की धपाटे होतात, पाणीसुद्धा लागत नाही. मुळ्याचा पाला मी आयुष्यभर भाजीवाल्याकडेच मोडून ठेवून येत होते. आता मुळा घेते तोच पाला बघून, पीठ पेरून भाजी करते.

भाताच्या बाबतीत मात्र तुम्ही मला रागावला होतात. सप्टेंबरातला उकाडा होता, रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला मी फोडणी देणार होते. तुम्ही म्हणालात, "भाकरीचं शिळं चालतं, भाताचं न्हाई चालत. गार झाला की फ्रिजात ठेवायचा, न्हाईतर घासभर कमी शिजवायचा." नंतर वाचलं तेव्हा कळलं की शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला तर त्यात जंतू विष तयार करतात आणि भात परत गरम केला तरी ते विष जात नाही. काटकसर म्हणजे मिळेल ते पोटात ढकलणं, असं मला वाटायचं. तुम्हाला कशाचं काय होतं आणि कशाचं होत नाही, दोन्ही माहीत होतं.

हे तुम्ही कुठे शिकलात असं विचारलं, तेव्हा तुम्ही "बहात्तरला" एवढंच म्हणालात. हळूहळू बाकीचं सांगितलंत. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही सात वर्षांच्या होतात. गाव बीडकडचं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं खायला मिळणारी सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, पदराला बांधून आणायची. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायचा, त्याची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत मोडायची. ते मोडलेले तुकडे आई टाकायची नाही, मिठाच्या पाण्यात तिखट घालून त्यात शिजवायची. कुटके करताना तुमचा हात अजून तसाच चालतो, मी बघितलाय. तुकडे सगळे एका मापाचे, आणि ताटात पडलेला चुरा बोटानं गोळा करून परत कढईत.

पुढे पुण्यात आलात. उकिरड्यावर कागद-पत्रा वेचण्यात तरुणपण गेलं. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, उभी राहिली, तेव्हा तुमच्या सासूबाई मोर्चाला गेल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र आलं तेव्हा पोलीस "ए बाई" म्हणायचे थांबले, हे सांगताना तुम्ही ताठ बसला होतात. त्याच चळवळीतून निघालेल्या, घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या संस्थेचा कोट घालून आज तुम्ही आमच्या दारात येता. शहर टाकतं त्यातलं काय अजून कामाचं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? मला ते आठ वर्षं कळलं नाही. मी तुम्हाला कचरेवाल्या मावशी म्हणत होते.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. नोव्हेंबरात धाकटीच्या शाळेत डब्यातला आवडता पदार्थ यावर चार ओळी लिहायच्या होत्या. मी घाबरले होते, ही आता काय लिहिते. तिनं लिहिलं, "मला कुस्करा आवडतो. तो आदल्या दिवशीच्या पोळीचा करतात, म्हणून आई रात्री दोन पोळ्या जास्त करते." बाईंनी खाली "छान" लिहिलं. ज्या पोळ्या मी तिच्यापासून लपवत होते, त्याबद्दल तिनं उघडपणे वहीत लिहिलं होतं. त्या रात्री मी यांना आणि सासूबाईंना सगळं सांगितलं, बादलीपासून झाकणापर्यंत. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग उठल्या, माळ्यावरची जुनी नऊवारी काढायला सांगितली आणि तिच्या गोधडीला बसल्या. ती गोधडी तुमच्या नातीसाठी आहे. दोन बाजू झाल्यात. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून टाके थोडे मोठे पडलेत, तेवढं सांभाळून घ्या.

जानेवारीत यांना दुसरी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण एक तारखेला येतो. पोळ्या आता नऊ होतात, धाकटीला कुस्करा हवा असेल त्या रात्री अकरा. परवा बादली उचलताना तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तुमची बादली आता हाताला लागत न्हाई, ताई." माझ्या स्वयंपाकाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. दिवसभर ते वाक्य मी मनात घोळवत होते.

तो वेगळा कप फळीवर राहिलेला नाही. आता तो तांदळाच्या डब्यात असतो, दोन वेळच्या भाताला दोन कप मोजायला. गुरुवारी आमच्याकडे सगळ्यात शेवटी या, म्हणजे पुढच्या इमारतीची घाई राहणार नाही. बुधवारी भाकरी मुद्दाम जास्त करणार आहे. कुटक्यांना तुमच्यासारखी चव येत नाही, पाणी कधी शिंपडायचं ते मला अजून समजत नाही. तेवढं एकदा शेगडीपाशी उभं राहून दाखवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई