चीफ बफेलोंचा उल्लेख हवा होता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मूळनिवासींवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातला प्रत्येक नायक लढतो आणि शेवटी हरतो. मी बरीच वर्षं मिनेसोटात राहते. या भागातल्या ओजिब्वे लोकांचे नायक केचेवाइश्के ऊर्फ चीफ बफेलो यांचं नाव त्यात नसावं, याचं फार वाईट वाटलं. त्यांनी अमेरिकन सरकारशी युद्ध केलं नाही आणि तरीही आपली माणसं आपल्या भूमीवर राखली.

लेक सुपिरियरमधल्या मॅडलिन बेटावरचं ला पॉइंट हे त्यांचं गाव. जन्म १७५९च्या सुमाराचा. कूळ लून या पाणपक्ष्याचं. ओजिब्वेंचं कूळ वडिलांकडून येतं आणि एका कुळात सोयरीक होत नाही, आपल्याकडच्या देवकासारखंच. त्यांचे आजोबाही ला पॉइंटचे नायक होते. खरं तर नायकपणाचा जुना मान क्रौंच कुळाचा मानला जाई. तरी शिकारी आणि वक्ता म्हणून बफेलोंनी असं नाव मिळवलं की सरकारशी बोलणी करायची वेळ आली की लोक त्यांनाच पुढे करत.

१८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी ओजिब्वेंना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा हुकूम काढला. जमिनीच्या बदल्यात दरवर्षी मिळणारे पैसे आणि माल ला पॉइंटऐवजी दूरच्या सँडी लेकला वाटायचं ठरवलं, म्हणजे थंडीत अडकून लोक तिकडेच राहतील. हजारो लोक गेले. पैसे वेळेवर आले नाहीत, मिळालं ते धान्य सडकं होतं, त्यात साथ पसरली. तिथे आणि बर्फातून परत येताना मिळून सुमारे चारशे माणसं दगावली. याला दुर्घटना म्हणणं मला मान्य नाही.

यानंतर १८५२ मध्ये नव्वदी ओलांडलेले बफेलो भूर्जाच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाले. सोबत तरुण नायक ओशोगा आणि दुभाषा बेंजामिन आर्मस्ट्राँग. सरोवराकाठच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि खाणवाल्यांच्या सह्याही त्यांनी हुकूम रद्द करण्याच्या अर्जावर घेतल्या, कारण ओजिब्वे जावेत असं त्या शेजाऱ्यांनाही वाटत नव्हतं. वॉशिंग्टनला आधी त्यांना परत जायला सांगण्यात आलं. अखेर राष्ट्राध्यक्ष फिलमोर भेटले, त्यांच्यासोबत चिलीम ओढली गेली आणि हुकूम रद्द झाला.

१८५४च्या ला पॉइंट करारात रेड क्लिफ, बॅड रिव्हर, फाँ द्यू लाक अशा राखीव वसाहती कायमच्या मिळाल्या. ज्या आप्तांनी लोकांची सेवा केली, त्यांच्यासाठी बफेलोंनी एक चौरस मैल जमीन निवडावी, असंही कलम त्यात होतं. त्यांनी निवडलेली जागा आज डुलूथ शहराच्या ऐन मध्यावर येते. ती घराण्याच्या हातात राहिली नाही. पुढच्याच वर्षी, ७ सप्टेंबर १८५५ला, बफेलो ला पॉइंटलाच वारले.

त्यांचं घराणं आजही नांदतं आहे. बफेलो आडनावाची माणसं रेड क्लिफला आहेत आणि डुलूथच्या सरोवरकाठच्या भिंतींवर त्यांच्या वॉशिंग्टनच्या प्रवासाची मोठी चित्रं रंगवली आहेत. जुन्या करारांतले मासेमारीचे हक्क १९८३ मध्ये फेडरल न्यायालयाने मान्य केले. त्यानंतर विस्कॉन्सिनच्या तलावांवर रात्री भाल्याने मासे धरणाऱ्या ओजिब्वेंवर दगडफेक झाली, पण त्यांनी हक्क सोडला नाही.

एक विनंती. पुढे कधी बफेलोंवर लेख छापलात, तर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या संगमरवरी अर्धपुतळ्याचा फोटो त्यांचा म्हणून देऊ नका. तो त्याच नावाच्या, लीच लेकच्या दुसऱ्या नायकाचा आहे आणि ही गल्लत अनेक ठिकाणी झालेली आहे.

आपली,
एक वाचक, मिनिआपोलिस