फडावर जायच्या आधी तयारी करा

संपादक साहेब, नमस्कार,

उसाचा सीझन सुरू झाला की कॉलेजची पोरं-पोरी प्रोजेक्टसाठी फडावर यायला लागतात, ऊसतोड बायकांच्या तब्येतीवर अभ्यास व्हायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही, पण तयारी काहीच नसते हो. दहा वाजता गाडीतून उतरायचं, मजूर आणणारा मुकादम बोलवेल त्या बाईसमोर मोबाईल धरायचा आणि पहिलाच प्रश्न, गर्भाची पिशवी कधी काढली? नवरा शेजारी, मुकादम मागे उभा. ज्याच्याकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेत, एक दिवस कामावर नाही गेलं तर जो खाड्याचे पैसे कापतो, त्याच्यासमोर ती काय बोलणार सांगा.

२०१९ ला आमदार नीलमताई गोऱ्हेंच्या सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा आलाय, पण हे का होतं ते समजून घ्यायला निवांत बसून ऐकावं लागतं आणि त्याच्याही आधी नुसतं बघावं लागतं. त्या बायकांनाच विचारून पहाटे त्यांच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, जाऊन बसा, आधी कोण उठतं, पाणी कुठून येतं, आंघोळीला आडोसा तरी आहे का, लेकरू कोणाकडे ठेवतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई एकदा बघितली ना की तुमचे निम्मे प्रश्न तिथंच बदलतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात, पण हिशोबाचे पैसे कोणाच्या हातात पडतात तेही बघा, विचारलं तर "दोघांचेच" म्हणून सांगतील.

आणि प्रश्न आधी ओळखीतल्या एखाद्या बाईला विचारून बघा, अडखळली तर बदला. "त्रास होतो का" विचारलं की "होतो की" एवढंच येतं, त्यापेक्षा मागच्या वेळी दुखलं तेव्हा काय केलं, दवाखान्यात कोणी नेलं, पैसे कुठून आणले असं विचारलं तर बाई सगळं सांगत जाते. रेकॉर्डिंग कशासाठी, ऐकणार कोण हे तिला आधी समजावून सांगा, ती नको म्हणाली तर मोबाईल खिशात.

खोलातल्या मुलाखती तर पावसाळ्यातच घ्या, तेव्हा त्या आपल्या गावी असतात, डोक्यावर मुकादम नसतो, दोन घटका बोलायला वेळ असतो. कॉलेजांनी सबमिशनच्या तारखा त्या हिशोबाने ठेवाव्यात, एवढी विनंती आपल्या पेपरातून पोचवा.

– समाजकार्याची एक शिक्षिका, बीड