टेंभुर्णीच्या एसीवाल्या दादांचे आभार

मे महिन्यात सोलापूरहून पुण्याला येताना आमच्या जुन्या गाडीचा एसी एकदम गरम हवा मारायला लागला, आणि मागे आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काच खाली करावी तर सगळी धूळ डोळ्यात. आधी एक जण बघताक्षणी "कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका" सांगून मोकळा झाला. पण टेंभुर्णीला हायवेलगतच्या शेडमधले दादा जेवत होते ते डबा तसाच झाकून उठले, गेज लावला, म्हणाले कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, गॅस कमी झालाय म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच लागू देत नाहीये, म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नाही. मग गळती शोधायला एकेका जॉइंटवर साबणाचं पाणी, आणि कंडेन्सरच्या पाइपपाशी बारीक बुडबुडे! तिथली ओ-रिंग, म्हणजे जॉइंटमधली रबरी रिंग, वाळून कडक झालेली. ती बदलली, घाई न करता व्हॅक्यूम मारला, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढली, मग आर-134ए गॅस भरला. तोवर त्यांच्या हाताखालच्या पोराने दुकानातला एकुलता एक कूलर आईकडे फिरवून दिला, स्वतः घामाने निथळत. मजुरी विचारली तर "गॅस आणि रिंगचे द्या, आईंना नीट घरी न्या" एवढंच, वर सल्ला की थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं एसी लावा, तेल फिरतं, सील वाळत नाहीत. दादा, मनापासून थँक्यू, आणि त्या पोरालाही नक्की सांगा, आई अजून त्याची चौकशी करते.