गव्हाणीत काय पडावे, हे गोठेवाल्यानेच ठरवावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सहकुटुंब जाण्याजोग्या कृषी पर्यटन केंद्रांची माहिती आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून येते. तिच्यासोबतच्या छायाचित्रांत लहान मुले शेळ्यांना, सशांना किंवा गायींना हाताने काहीतरी भरवताना दिसतात. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून पुणे, सातारा आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. अशी छायाचित्रे पाहिली की माझी नजर मुलांच्या चेहऱ्यावरून आपोआप त्यांच्या हातांतल्या खाऊकडे जाते, आणि त्या खाऊविषयी लिहायलाच हवे असे वाटल्यामुळे हे पत्र पाठवत आहे.

या केंद्रांना माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बारामती परिसरात २००५च्या सुमारास कृषी पर्यटनाची संघटित सुरुवात झाली, २०२०मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होऊ लागली. पाऊस आणि बाजारभाव या दोन्हींच्या भरवशावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात या मार्गाने चार पैसे अधिक येतात, ही मोठी गोष्ट आहे. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाच्या तळहातावरून गायीची खरखरीत जीभ एकदा फिरली, की दूध कुठून येते हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की जनावराच्या तोंडी काय, किती आणि केव्हा जावे, हा निर्णय गोठा सांभाळणाऱ्याच्या हातातून निसटून तिकीट काढून आलेल्या पाहुण्याच्या हातात गेला आहे.

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारी मी माझ्या मुलीच्या दोन मुलांना घेऊन पुणे जिल्ह्यातील अशाच एका केंद्रावर गेलो होतो. प्रवेशद्वाराशीच पावाचे तुकडे आणि गाजराच्या चकत्या भरलेले पुडे विक्रीला होते. आत बांबूच्या कुंपणामागे दहा-बारा उस्मानाबादी शेळ्या होत्या आणि कुंपणाबाहेर मुलांची रांग होती. दुपारी चारच्या सुमारास माझी नात मला हाताला धरून घेऊन गेली आणि म्हणाली, "आजोबा, ही शेळी का खात नाही?" पहिल्यांदा गाभण राहिलेली ती पाठ, म्हणजे तरुण शेळी, मान खाली घालून कोपऱ्यात उभी होती. डावी कूस ढोलासारखी फुगलेली, मध्येच दात खाणे चाललेले, रवंथ पूर्ण थांबलेला. मी स्वयंपाकघरातून गोडेतेल मागवले, ते ठसका लागू नये म्हणून थोडे थोडे करून पाजले, तिचे पुढचे पाय उंचावर ठेवून कूस चोळली आणि गावातल्या दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावून घ्यायला लावले. ती वाचली. तिच्यापाशी बसलेला शेळ्या राखणारा तरुण मुलगा मात्र जे म्हणाला, ते माझ्या मनातून जात नाही. "साहेब, रविवारी असंच होतं. सोमवारी यातली एकही धड खात नाही." मालकांशी बोललो तेव्हा त्यांनी नम्रपणेच उत्तर दिले, की लोक जनावरांना खायला घालण्यासाठीच येतात, त्यांना नाही कसे म्हणायचे.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. कारण नीट समजावून सांगणारे कुणी त्यांच्याकडे गेलेच नव्हते. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा मोठ्या गायीत शंभर लिटरहूनही अधिक मावेल एवढा असतो, आणि त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवून जनावराला पोसतात. हे सूक्ष्मजीव गवत, कडबा, झाडपाला यांना सरावलेले असतात. त्यांच्यापुढे अचानक पाव, चपाती, बिस्किटे, शिळा भात असे पिठूळ अन्न आले, की ते झपाट्याने आंबते, पोटात आम्ल साठते, चारा पचवणारे जीव मरू लागतात आणि रवंथ थांबतो. शेळ्या-मेंढ्यांत अशा अचानक बदललेल्या पिठूळ खुराकाने आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यांत विष तयार होण्याच्या रोगाचा, झटका येतो, आणि त्यात सकाळी धडधाकट असलेले करडू संध्याकाळपर्यंत दगावू शकते. हिरवा पाला दिला म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. कोवळा, ओला लसूणघास उपाशी जनावराने भरमसाट खाल्ला तरी पोट फुगते. कोवळ्या ज्वारीचे पोंगे बांधावरून उपटून मुलांनी गायीपुढे टाकले, तर त्यांतल्या विषाने गाय काही मिनिटांत कोसळू शकते. गुरे राखणाऱ्याला हे ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

आपल्याकडे ताटातला घास गायीसाठी बाजूला काढण्याची रीत आहे आणि ती मला मनापासून प्रिय आहे. एका गायीला एका घरची एक चपाती, असा त्या रीतीचा हिशेब होता. तीच चपाती साठ कुटुंबांनी एकाच दिवशी एकाच गायीला दिली, तर गोग्रासाचा आजार होतो. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यासमोर बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची रांग लागत असे, कारण आदल्या दिवशी प्रेमापोटी त्यांना पोटभर पुरणपोळ्या चारलेल्या असत. वर्षातून एका दिवशी होणारी ती चूक आता काही ठिकाणी दर शनिवार-रविवारी होत आहे.

सशांचे हाल तर मला शेळ्यांपेक्षाही अधिक वाटतात. ससा भ्याला की सहसा ओरडत नाही, निपचित बसतो, आणि तो शांत आहे असे समजून मुले त्याला या हातातून त्या हातात देत राहतात. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजण्यासाठी त्याला दिवसभर गवत लागते. गाजर हा त्याचा क्वचितचा खाऊ असायला हवा. कान धरून उचललेला ससा झटका देऊन सुटू पाहतो आणि त्यात त्याच्या पाठीचा कणा मोडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हाती ससा किंवा कोंबडीचे पिल्लू देण्याची प्रथाच बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने जमिनीवर बसावे आणि प्राण्याला वाटले तर त्याने जवळ यावे.

हे सारे नीट करता येते, हेही मी पाहिले आहे. अकोले तालुक्यात, धो धो पावसाला तोंड देणाऱ्या डांगी गुरांच्या मुलखात, एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही दोन वर्षांपूर्वी मुक्कामी राहिलो होतो. तेथे कोठेही खाऊ विकत मिळत नव्हता. पहाटे घरच्या काकूंनी मुलांना उठवले, प्रत्येकाच्या हातात गवताची एकेक पेंढी दिली आणि कोणती गाय वयाने मोठी, तिला आधी का द्यायचे, नव्या व्यालेल्या गायीच्या अंगावरून का जायचे नाही, मागून न येता तिला दिसेल असे समोरून का यायचे, हे एकेक करून सांगितले. वासराला आधी सोडले, गायीने पान्हा घातला, वासराच्या वाट्याचे दूध राखून मग धार काढली, आणि मुले हे सारे अक्षरशः श्वास रोखून पाहत होती. शेळ्यांसाठी शेवरीचे आणि हादग्याचे डहाळे दोरीने उंचावर टांगले होते, कारण शेळीला मान वर करून पाला ओरबाडणेच आवडते. मुलांनी फक्त डहाळे टांगायला मदत केली. दहा वाजले तेव्हा काकू म्हणाल्या, "आता त्यांची रवंथ करायची वेळ झाली, आता कुणी जायचं नाही." माझा नातू लांब, पायरीवर बसून अर्धा तास गायीचा हलणारा जबडा मोजत होता. परतीच्या प्रवासात तो त्या गायींविषयी जितके बोलला, तितके पुडे विकणाऱ्या केंद्रावरून येताना बोलला नाही.

आता थोडे माणसांच्या आरोग्याविषयी लिहितो, कारण पालकांचे त्याकडे पुरेसे लक्ष नसते. निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या शेणातही माणसाला घातक ठरणारे जंतू असू शकतात. इंग्लंडमधील सरे परगण्यात २००९ साली मुलांना प्राणी हाताळू देणाऱ्या एका शेतावरून ई-कोलाय ओ१५७ या जंतूचा संसर्ग ९३ जणांना झाला. त्यांत बहुतेक लहान मुले होती आणि काहींची मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ आली. त्यानंतर तेथे हात धुण्याच्या आणि खाण्याची जागा जनावरांपासून वेगळी ठेवण्याच्या नियमांवर कसून भर देण्यात आला. आपल्याकडे मात्र मूल एका हाताने शेळीला भरवते आणि दुसऱ्या हातातला वडापाव खाते, हे दृश्य सर्रास दिसते. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर चोळून भागत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते, आणि ते गोठ्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवरच, मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर असायला हवे.

धारोष्ण दुधाचाही उल्लेख करणे भाग आहे. पाहुण्यांना कासेखालचे कोमट दूध तसेच पाजणे हा काही केंद्रांवरचा खास कार्यक्रम असतो. आपल्या आजोबांच्या पिढीने ते प्यायले, हे खरे आहे. त्या पिढीत अंगात मुरलेला ताप आणि सांधेदुखी घेऊन वर्षानुवर्षे कण्हणारी माणसेही होती, आणि त्यांतल्या काहींच्या दुखण्याचे मूळ गुरांपासून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्ये असणार, असे मला आज वाटते. क्षयाचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. दूध उकळूनच द्यावे. गोठ्यात एखादी गाय किंवा शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला असेल, तर गरोदर स्त्रियांना त्या बाजूला फिरकूही देऊ नये.

धोका उलट दिशेनेही असतो, हे शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लाळ्या-खुरकूत रोगाचे विषाणू बुटांना, कपड्यांना आणि गाडीच्या चाकांना चिकटून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातात. एकाच दिवसात दोन-तीन केंद्रे पाहणारी सहलीची बस त्या दृष्टीने काळजीचीच आहे. वर्षातून दोनदा होणारे लसीकरण चुकवू नये आणि गोठ्याच्या दाराशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय बुडवून आत येण्याची सोय करावी. ती अगदी स्वल्प खर्चात होते.

बैलगाडीच्या फेरीबद्दल एकच गोष्ट सांगतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ सालापासून केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांनुसार दिवसभरात एकूण ९ तासांपेक्षा अधिक आणि सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, तसेच तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी १२ ते ३ या वेळेत बैल जुंपता येत नाहीत. केंद्रांवर मुलांची सर्वाधिक गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी जेवणानंतरच्या दुपारी होते. हा नियम माहीत असलेला केंद्रचालक मला आजवर क्वचितच भेटला आहे.

माझी विनंती पर्यटन संचालनालयाला आणि पशुसंवर्धन विभागाला आहे. केंद्राच्या नोंदणीच्या आणि नूतनीकरणाच्या वेळी खोल्या, स्वच्छतागृहे आणि जेवणाची सोय यांच्याबरोबरच गोठ्याचीही तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकामार्फत व्हावी, लसीकरणाच्या नोंदी पाहिल्या जाव्यात आणि पाहुण्यांनी जनावरांना द्यायचा चारा कोणता, किती व कोणत्या वेळेत, हे त्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लिहून ठेवले जावे. सकाळचा तास-दीड तास आणि संध्याकाळचा तास-दीड तास एवढीच वेळ पाहुण्यांसाठी खुली असावी. जनावराला माणसांपासून दूर जाता येईल अशी मागची जागा प्रत्येक कुंपणात असावी आणि मुलांनी तेथवर त्याचा पाठलाग करू नये. चाऱ्यासाठी पैसे घ्यायला माझी हरकत नाही. दिवसभराच्या चाऱ्यातलाच वाटा वीस पेंढ्यांत विभागून वीस मुलांना विकावा, त्या संपल्या की त्या दिवसाची विक्री थांबवावी. असे केल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न बुडणार नाही आणि सोमवारी गोठा उपाशीही राहणार नाही.

पालकांनाही सांगणे आहे, की घरून उरलेल्या चपात्या, पाव आणि भाजीची देठे पिशवीत भरून नेऊ नयेत. पिशवीसकट खाऊन मेलेली गाय मी कितीदा तरी फाडून पाहिली आहे. तिच्या पोटातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्याचे वजन हाताला अजून जाणवते. केंद्रावर पोहोचल्यावर आधी गोठ्यातल्या माणसाला विचारावे, आणि तो "आता नको" म्हणाला तर मुलासमोरच ते मान्य करावे.

प्रत्येक गोठ्याच्या दाराशी लावता येईल असा, मुलांना वाचता येईल अशा सोप्या मराठीतला एक फलक पशुसंवर्धन विभागाने तयार करून द्यावा. त्याचा मजकूर विनामोबदला लिहून देण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी आपापल्या तालुक्यातील केंद्रांना भेट देऊन चालकांना मार्गदर्शन करायलाही आनंदाने येतील. आपल्या दैनिकाने पुढच्या पुरवणीत केंद्रांची यादी छापताना प्रत्येक ठिकाणच्या जेवणाच्या आणि मुक्कामाच्या दरांशेजारी जनावरांना भरवण्याच्या वेळा आणि हात धुण्याची सोय यांचीही माहिती द्यावी, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सातारा जिल्हा