पेटी थोडे दिवस बंद ठेव

चि. सोनूस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझी रिक्षा आली आणि बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून हे टाइप करालोय. मोठं होणार, रविवारी निवांत वाच. तू विचारलंस की सहा-सात वर्षांच्या पोरांना शिकवायला पुस्तक कुठलं घेऊ, आणि स्वतःचा सिलॅबस लिहायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करू. पहिलं वर्ष पुस्तक नकोच असं माझं मत, आणि पहिले काही महिने पेटी, म्हणजे हार्मोनियमपण नको. जन्मभर पेटी शिकवून पोट भरलेला माणूस हे सांगालाय म्हणून तू हसशील, हस की, पण आधी पुरतं ऐक.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे कुठल्या उंचीचा सा धरून गायचं ते. बहुतेक क्लासात काय होतं, मास्तर स्वतःच्या सोयीची काळी एक नाहीतर काळी दोन (पेटीवरची पहिली-दुसरी काळी) धरून बसतो आणि समोरची पोरं बिचारी खालचा सा लागत नाही म्हणून एकतर घशात गुरगुरतात, नाहीतर मधेच उडी मारून भलत्याच स्वरावर जाऊन बसतात, आणि मग आपण पालकांना सांगून मोकळे होतो की ह्याला सूर नाही हो, तबल्याला घाला. सूर असतो गं त्याला, ती पट्टी त्याची नसते एवढंच. नवीन मूल आलं की लगेच गायला लावू नको. त्याला म्हण, समज तुझी आई गल्लीच्या टोकाला उभी आहे, तिला हाक मार बघू. लाजतात आधी, मग एकदम मोठ्यानं "आईऽऽ" करतात. ती लांबवलेली हाक तंबोऱ्याच्या ॲपवर नाहीतर पेटीवर शोध, ती त्याच्या सा पासून बरीच वर पडते, माझ्या अनुभवात पंचमाच्या (प) आसपास. तिथनं खाली उतरत उतरत सा धर. बहुतेक पोरं काळी चार, काळी पाचच्या जवळपास येतात, पण सगळी नाही, म्हणून प्रत्येकाची पट्टी वहीत लिहून ठेव आणि चार-सहा महिन्यांनी परत बघ. मुलगे तेरा-चौदाचे झाले की आवाज फुटतो, तेव्हा घरचे क्लास बंद करतात, तसं होऊ देऊ नको, पट्टी उतरव, जोर लावायला लावू नको, थोडंच गाऊ दे आणि त्या काळात जास्त ऐकव.

आता पेटी. पेटीचे बारा स्वर सगळे सारख्या अंतरावर बसवलेले असतात, गाणाऱ्याचे तसे नसतात. तंबोऱ्याची खरजाची, म्हणजे खालच्या सा ची तार नीट लागली, जवारी (घोडीवर तारेला येणारी गुंज) चांगली असली की त्यातून आपोआप एक गंधार (ग) ऐकू येतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा जरा उतरलेला असतो. ही गोष्ट मी तुला विशारदच्या परीक्षेच्या वेळी दाखवली होती, तू म्हणालीस अप्पा मला नाही कळत फरक, आणि आठवड्यानं स्वतःच ओरडत आलीस की ऐकू आला म्हणून. लहान पोराचा कान कोवळा असतो, त्याला तो तंबोऱ्यातला गंधार आधी भेटू दे. शिवाय पेटी सतत वाजत राहिली की पोरगं गातच नाही, पेटीच्या मागनं नुसतं फरफटत जातं, पेटी थांबवली की गप्प. म्हणून पेटी उघडायचीच झाली तर स्वर दाखव, हात उचल, त्याला एकट्याला म्हणू दे, मग परत पेटीवर तोच स्वर दाबून त्याचं त्यालाच ठरवू दे की लागला की नाही. तू ठरवू नकोस. आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली, मींड (एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरं) बसत नाहीत ही कारणं, आणि 1971 ला कुठं थोडी ढिलाई दिली. मला ती बंदी पटत नाही, चांगल्या साथीदाराच्या हातात पेटी काय करते हे बेळगावकराला सांगायची गरज नाही, विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे ह्या पेटीवाल्यांच्या गावात आपण राहतो. पण कारणं काही खोटी नव्हती, आणि साथीला पेटी वेगळी, कान घडवायला वेगळी.

पुस्तक नको का म्हणतो ते सांगतो. मागे एक मुलगी दुसऱ्या क्लासमधून माझ्याकडं आली, गळा गोड, वही सुंदर. तिला भूप रागाची सरगम लिहून दिली तर जिथं वर जायचं तिथं ही बया बरोबर खाली उतरते. दोनदा ऐकलं, मग जुनी वही मागितली तेव्हा उलगडा झाला. तिची वही स्वर लिहायच्या पलुस्कर पद्धतीची, तिथं स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक) आणि उभी रेघ म्हणजे तार (वरचं सप्तक). मी लिहिलेलं भातखंडे पद्धतीनं, डोक्यावर टिंब म्हणजे तार, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, डोळ्यांनी वाचलं तसं गायली. पण भूप जर आधी कानात बसला असता तर टिंब कुठंही असू दे, ती वरच गेली असती ना.

ह्याचा अर्थ नोटेशन, म्हणजे स्वर लिहून ठेवणं, वाईट असा घेऊ नको. पलुस्कर कुरुंदवाडचे, म्हणजे सदलग्याच्या पलीकडं हाकेच्या अंतरावर, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झालेले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि 5 मे 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, इयत्ता, परीक्षा, छापील पुस्तकं. त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे बुवांच्या घरी राहा, पाणी भरा, मर्जी सांभाळा, आणि मग शिकवलं तर शिकवलं. साध्या घरातल्या मुलींनी गाणं शिकावं हे त्यांच्यामुळं रुळलं, तुझी आज्जी भजनाच्या पुढं गेली नाही आणि तू विशारद झालीस त्यामागं ते आहेत. भातखंड्यांनी बंदिशी गोळा केल्या, रागांचे दहा गट म्हणजे थाट मांडले, त्यांचंही ऋण आहेच. फक्त ही सगळी सोय हळूहळू परीक्षेच्या दावणीला बांधली गेली, आता पालक पहिल्याच दिवशी विचारतात, सर प्रारंभिकची परीक्षा कधी? आमच्याकडंही तेच. तुझ्या सिलॅबसमध्ये पहिल्या वर्षी परीक्षेचं नावसुद्धा नको.

तू पाठवलेला त्या जपानी व्हायोलिन मास्तर सुझुकींचा व्हिडिओ बघितला. मूल मातृभाषा शिकतं तसं संगीत शिकावं, आधी रोज ऐकावं, आई-बापानं जवळ बसावं, वाचणं नंतर. चांगलंच आहे, पण येळ्ळूरकडच्या कुठल्याही देवळात सप्ताहाला जाऊन बस, पाच वर्षांचं पोर टाळ घेऊन उभं असतं, मात्रा हा शब्द त्याला माहीत नसतो आणि आठ मात्रांचा भजनी ठेका एकदाही चुकत नाही. लयीचं शिक्षण तिथं फुकट होतं. सूर मात्र तिथं बिघडतो हेपण खरं, पखवाजावर आवाज काढायचा म्हणून पोरं वरच्या पट्टीत ओरडतात. म्हणून लय तिथनं घे, हातानं टाळी, पायानं चालणं, आणि सूर तंबोऱ्यावर.

आणखी एक, शेजारच्या कानडी लोकांकडनं घेण्यासारखं. कर्नाटक संगीतात पुरंदरदासांच्या नावानं चालत आलेला क्रम आहे, सरळे वरसे (सरळ चढ-उतार), जंटी वरसे (जोडस्वर), अलंकार, मग छोटी गीतं. सुरुवात मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाचे स्वर. मला आधी वाटायचं एवढ्या लहानांना कोमल रिषभ-धैवत कशाला. पण मांडणी बघ, सा-रे जवळ, ग-म जवळ, तसंच वर प-ध जवळ, नी-सा जवळ, खालचा अर्धा साचा वर जसाच्या तसा. आपण शुद्ध स्वरांनीच सुरू करू, पण पलट्यांत, म्हणजे स्वरांच्या सरावात ही क्रमाची शिस्त ठेव, एका पलट्यात एकच नवीन गोष्ट. माझ्या क्लासात कन्नड, मराठी, उर्दू सगळ्या मीडियमची पोरं बसतात, पाट्यांच्या भाषेवरनं भांडणारे बाहेर भांडोत, सारेगमला कुणाचं काही म्हणणं नसतं.

मैफल सोडून मास्तरकी धरलीस म्हणून तुझी मामी काहीतरी बोलली म्हणे. तिला सांग, देवधर मास्तर मिरजेचे, पलुस्करांचे शिष्य, मुंबईत शाळा काढून बसले, आणि आपल्या सुळेभावीचं रेकॉर्डींची हुबेहूब नक्कल करणारं पोर त्यांच्याकडं शिकायला राहिलं, तेच कुमार गंधर्व. मामीला पटणार नाहीच, असूंदे.

फीचं मात्र माझं ऐक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घे, गैरहजेरीची कापून देऊ नको, आणि ज्याला खरंच परवडत नाही त्याची चार लोकांत चर्चा न करता माफ कर. पलुस्करांची मुंबईची इमारत कर्जापायी गेली, एवढा मोठा माणूस पण हिशोबात अडकला. शाळेचा पगार उशिरा होतो म्हणालीस, तर घरच्या क्लासचं वेगळं खातं काढ आणि भाडं त्यातनं जाऊ दे. तंबोरा घ्यायचा असेल तर पुण्यात दुकानात घेऊ नको, दिवाळीला आलीस की मिरजेला जाऊ, कारागिराकडं बसून जवारी काढून घेऊ, तोवर ॲपवर भागव. आई म्हणालीय भाकरीचं पीठ संपलं असेल तर कळव, सोमवारी गाडीत कुणीतरी येणार आहे.

तुझा,
अप्पा