डोळ्यांच्या रंगापायी निरोगी भ्रूण नाकारू नका

मा. संपादक,

मुलाचा वर्ण, उंची, डोळे जन्माआधीच निवडावेत का, या चर्चेत बहुतेक जण गृहीत धरतात की प्रयोगशाळेत हवे तसे मूल घडवता येते. भ्रूण-चाचणीत, म्हणजे शरीराबाहेर फलित केलेला (आयव्हीएफ) भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधी तपासण्यात, काहीच घडवले जात नाही. जे दोन-चार भ्रूण तयार झाले, त्यांतला एक निवडायचा आणि बाकीचे बाजूला सारायचे, एवढेच हातात असते. नैतिक पेच तिथेच आहे, आणि तो कळायला आधी हिशेब मांडावा लागतो.

त्यासाठी स्त्रीला साधारण 10 ते 12 दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे 36 तासांनी भूल देऊन सुईने स्त्रीबीजे काढतात. 10 बीजे मिळाली तर 8च्या आसपास पक्व निघतात, 6 फलित होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत 2-3च तग धरतात. वय वाढते तसा हा आकडा घसरतो. उरलेल्यांतही काहींची गुणसूत्रे कमी-जास्त असतात. आजाराची चाचणी होईपर्यंतच निवडायला फारसे काही उरत नाही.

आता निळ्या डोळ्यांचे पाहू. 15व्या गुणसूत्रावरच्या एचईआरसी2 जनुकातला एक बदल शेजारच्या ओसीए2 जनुकाला लगाम घालतो आणि बुबुळात रंगद्रव्य कमी साठते. आईवडील दोघांकडे या बदलाची एकेक प्रत असेल, तर सरासरी 4 भ्रूणांमागे एकाला दोन्ही प्रती मिळतात, आणि डोळे निळे व्हायला बहुधा दोन्ही लागतात. हाताशी 3 भ्रूण असतील तर त्यांत असा किमान एक असण्याची शक्यता 58 टक्के. तशाच रीतीने, पण स्वतंत्रपणे उतरणारा आणखी एक गुण मागितला की ती थेट 18 टक्क्यांवर येते. दोन्ही प्रती मिळूनही डोळे हिरवट किंवा करडे निघू शकतात, ते वेगळेच. मग ‘आणखी एकदा प्रयत्न करू’ असे ठरते. पुन्हा इंजेक्शने, पुन्हा भूल, अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोका पुन्हा. हे सगळे एकट्या स्त्रीच्या शरीराने सोसायचे, आणि फ्रीझरमधले निरोगी भ्रूण ‘नको असलेले’ ठरायचे. आजार टाळण्यासाठी हे ओझे उचलणे समजू शकते. बुबुळाच्या रंगासाठी ते कुणाला उचलायला लावणे आम्हाला अन्याय्य वाटते.

चाचणीही वाटते तितकी पक्की नसते. भ्रूणाच्या कवचाला लेसरने भोक पाडून काचेच्या नळीने 5 ते 10 पेशी ओढून घेतात. या पेशी पुढे वार (प्लासेंटा) बनवणाऱ्या थरातल्या असतात, बाळ ज्यातून वाढते त्या पुंजक्यातल्या नव्हेत. एका पेशीत डीएनए जेमतेम 6-7 पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). तो हजारो पटींनी वाढवताना जोडीतली एक प्रत कधी कधी वाढतच नाही, आणि एकच प्रत असलेला भ्रूण दोन प्रतींचा भासतो. आनुवंशिक आजार तपासताना आईवडिलांचे नमुने घेऊन, डीएनएतल्या आसपासच्या खुणा जुळवून ही चूक पकडतात. दिसण्याच्या यादीतल्या प्रत्येक गुणासाठी तेवढी मेहनत घेतली जाईल, ही अपेक्षा फोल आहे.

उंचीचा दावा तर आणखी फसवा. 2022 साली 54 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून उंचीशी निगडित 12,111 जनुकीय खुणा सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत त्या उंचीतल्या फरकाचा सुमारे 40 टक्के भाग सांगतात, इतर वंशांत 10 ते 20 टक्केच. 2019च्या एका अभ्यासानुसार 10 भ्रूणांतून सर्वाधिक गुणांकाचा (अशा जनुकीय खुणांची बेरीज करून काढलेला उंचीचा अंदाज म्हणजे गुणांक) निवडला, तर सरासरी फायदा अडीच सेंटिमीटर. त्याच अभ्यासात मोठ्या झालेल्या भावंडांची 28 कुटुंबे तपासली, तेव्हा सर्वाधिक गुणांकाचे मूल खरोखर सर्वांत उंच निघाले ते फक्त 7 कुटुंबांत. उरलेल्या 21 घरांसारख्या घरांत ‘उंच’ म्हणून निवडलेल्या मुलाने एखाद्या भावंडापेक्षा बुटके राहण्याचा ठपका घेऊन वाढायचे का?

जोडीदार निवडताना रूप पाहतोच की, मग इथे हरकत का, असे विचारले जाते. जोडीदार नकार देऊ शकतो, आणि आपण नाकारलेला माणूस त्याचे आयुष्य जगतो. भ्रूणाच्या बाबतीत दोन्ही नाही.

आजार आणि रूप यांतली रेघ सगळीकडे सरळ नसते, हे मान्यच आहे. वर सांगितलेल्या ओसीए2 जनुकाच्याच दोन्ही प्रतींत मोठा दोष असेल तर वर्णहीनता (अल्बिनिझम) येते. तीत दृष्टीही अधू होते आणि उन्हाने त्वचा भाजते. तिथे विचार दृष्टीचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा करायचा, रंगाचा नाही. उलट केस लाल करणारे एमसी1आर जनुकाचे प्रकार मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा, धोका वाढवतात. रंग म्हणून मागितलेल्या गुणासोबत हे पदरात पडते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. भ्रूण-चाचणीच्या रिपोर्टवर फक्त कुटुंबात ठाऊक असलेला गंभीर आजार आणि गुणसूत्रांची स्थिती यावी. वर्ण, केस, डोळे, उंची यांचा रकानाच नसावा. पळवाट आणखी एक आहे: भ्रूणाच्या जनुकीय माहितीची कच्ची फाइल पालकांच्या हाती पडली की तिसरीच कंपनी तिच्यावरून उंचीचा गुणांक काढून देते. रिपोर्ट देताना ही फाइल बाहेर जाणार का, कुणाकडे आणि कशासाठी, हे संमतिपत्रात पहिल्याच पानावर छापलेले असावे.

आपले,
जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रातील काही वाचक